नेर्गलची वेस: विटा नव्या रचाव्यात, दगड मात्र मोडकाच राहू द्यावा

इराकमधील मोसुल शहरात, तैग्रिस नदीच्या पूर्व तीरावर, प्राचीन निनेवे नगरीच्या तटबंदीचे अवशेष पसरलेले आहेत. सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या या तटाच्या उत्तर बाजूला जी वेस आहे, तिला नेर्गलचे नाव आहे. नेर्गल हा अक्कादी भाषा बोलणाऱ्या मेसोपोटेमियाचा मृत्यूचा, युद्धाचा, साथीच्या रोगांचा आणि पाताळाचा देव होता. त्याच्या वेशीच्या दोन्ही अंगांना मानवी चेहऱ्याचे, पंख असलेले प्रचंड दगडी बैल उभे होते, ज्यांना लमास्सू म्हणतात. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ‘आयसिस’ने एक चित्रफीत प्रसृत केली, तीत मोसुलच्या संग्रहालयातील मूर्तींबरोबरच या वेशीवरील बैलाचा चेहराही यंत्राने फोडला जात असल्याचे जगाने पाहिले. जुलै २०१७ मध्ये मोसुल त्या संघटनेच्या ताब्यातून सुटले आणि तेव्हापासून या वेशीचे, तसेच तिच्यासारख्या इतर वास्तूंचे, पुढे काय करायचे हा सार्वजनिक प्रश्न होऊन बसला आहे.

या प्रश्नावर दोन उत्तरे सहज सुचतात आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. एका उत्तरानुसार जे पाडले गेले ते हुबेहूब पुन्हा उभे करावे, कारण तसे न करणे म्हणजे पाडणाऱ्यांचा शब्द अखेरचा मानणे होय. दुसऱ्या उत्तरानुसार जे गेले ते गेले, पुनर्बांधणी हे इतिहासाचे सोंग आहे आणि ढिगाऱ्याला हात न लावणे हाच प्रामाणिकपणा. माझे म्हणणे असे, की इथे विटेचा आणि दगडाचा वेगवेगळा विचार केला पाहिजे. वेशीचे मातीच्या विटांचे बांधकाम उघडपणे, कोणी, कधी आणि कशामुळे ते करावे लागले हे त्यावरच नोंदवून, पुन्हा उभारावे. दगडी बैलांचे मात्र सापडतील तेवढे तुकडे सांधावेत, त्यांना आधार द्यावा आणि तिथेच थांबावे, नवा चेहरा कोरू नये. हा भेद संवर्धनशास्त्राच्या आधुनिक नियमांतूनही काढता येईल, परंतु ज्यांनी ही वेस बांधली त्यांच्या स्वतःच्या रीतीत आणि वाङ्मयात त्याचा अधिक भक्कम आधार सापडतो.

त्यासाठी आधी या देवाची ओळख करून घेणे भाग आहे. नेर्गलचे मुख्य ठाणे बॅबिलोनच्या ईशान्येस असलेल्या कूथा या नगरात, मेस्लाम नावाच्या मंदिरात होते. बायबलच्या जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात कूथाच्या लोकांचा देव म्हणून त्याचा उल्लेख आहे, आणि आकाशातील मंगळ हा त्याचा ग्रह मानला जाई. तो पाताळाचा राजा कसा झाला याची कथा दोन रूपांत उपलब्ध आहे. जुने रूप इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या, इ.स.पू. १४ व्या शतकातील मातीच्या पाटीवर आहे. देवांची मेजवानी असते, पाताळाची राणी एरेश्किगल वर येऊ शकत नाही म्हणून तिचा वाटा नेण्यास दूत येतो आणि सगळे देव त्याच्यासमोर उभे राहतात, एकटा नेर्गल राहत नाही. या अपमानाबद्दल राणी त्याला खाली बोलावते. तो जातो, पण इया देवाने दिलेले चौदा साथीदार पाताळाच्या वेशीवेशीवर उभे करून आत शिरतो, राणीला केसांना धरून सिंहासनावरून खाली ओढतो आणि ती त्याला पतित्व व राज्य देऊ करते तेव्हा थांबतो. मोडून काढण्याआधी वेशी ताब्यात घ्यायच्या हे या देवाला नेमके ठाऊक आहे. सुलतानतेपे येथे सापडलेल्या नंतरच्या रूपात हाच प्रवास पुष्कळ सौम्य होतो, त्यात खाऊ नये, पिऊ नये, आसनावर बसू नये अशी पथ्ये येतात आणि दोघांची ओढही येते. मला मात्र जुने, ओबडधोबड रूपच अधिक सत्य वाटते, कारण मृत्यूची सत्ता कशी प्रस्थापित होते याविषयी ते काहीही झाकून ठेवत नाही.

नेर्गलशी एकरूप झालेला दुसरा देव म्हणजे एर्रा. त्याच्यावर पाच पाट्यांचे एक दीर्घकाव्य आहे. ते बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ८ व्या शतकाच्या आसपासचे मानतात, आणि मेसोपोटेमियात क्वचितच घडते अशी गोष्ट म्हणजे कवीने त्यात आपले नाव, कब्ती-इलानी-मर्दुक, नोंदवले आहे. काव्याच्या आरंभी एर्रा अंथरुणात लोळतो आहे. त्याच्याभोवतीचे सात योद्धे कुरकुर करतात, की आपल्या शस्त्रांवर कोळ्यांनी जाळी विणली, तलवार गंजली, आणि शहरातल्या उत्तम भाकरीला रणभूमीवर निखाऱ्यात भाजलेल्या भाकरीची सर येत नाही. युद्ध हवेसे का वाटते याचे इतके नेमके, इतके उपरोधिक वर्णन प्राचीन वाङ्मयात मी दुसरीकडे वाचलेले नाही. मग एर्रा बॅबिलोनच्या मर्दुक देवाकडे जातो, त्याच्या मूर्तीचे तेज मंदावल्याचे सांगतो आणि तू दुरुस्तीसाठी आसन सोड, तोवर मी जगाची राखण करतो असे वचन देतो. मर्दुक उठतो आणि संहार सुरू होतो. जून २०१४ मध्ये इराकी सैन्याने मोसुल सोडले तेव्हा, आणि त्याआधी एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय पहाऱ्याविना राहिले आणि लुटले गेले तेव्हा, ज्याला हे काव्य ठाऊक होते त्याला मर्दुकाचे ते रिकामे आसन आठवले असेल.

माझ्या युक्तिवादासाठी या काव्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. एर्राला शांत करण्याचे काम त्याचा सल्लागार ईशुम करतो आणि ते तो विनवणीने किंवा नैवेद्याने करत नाही. तो एर्रासमोर त्याच्या कृत्यांची यादी वाचतो: तू न्यायी माणसाला मारलेस आणि अन्यायी माणसालाही मारलेस, ज्याने तुझा अपराध केला त्याला मारलेस आणि ज्याने केला नाही त्यालाही मारलेस. शहरामागून शहर, देवळामागून देऊळ, तपशीलवार. हे ऐकल्यावरच एर्रा आपला राग मान्य करतो, हात आवरतो आणि उद्ध्वस्त देशाने पुन्हा उभे राहावे असे म्हणतो. काव्य संपताना असे आश्वासन मिळते, की ज्या घरात ही पाटी असेल त्याच्याजवळ एर्राची तलवार येणार नाही. लोकांनी ते शब्दशः घेतले आणि या काव्याचा मजकूर कोरलेल्या ताईताच्या आकाराच्या पाट्या घरांत टांगल्या. म्हणजे विनाशापासून रक्षण करणारी वस्तू कोणती, तर विनाशाची लेखी नोंद. ज्या संस्कृतीने असा विचार केला, तिच्या वेशीवरील घावाच्या खुणा पुसून टाकणे हा तिचा सन्मान कसा ठरेल?

या देवाविषयी किंवा त्याची वेस बांधणाऱ्या राजाविषयी हळवे होण्याचे मात्र काही कारण नाही. ही वेस असिरियाचा राजा सेनाखेरिब याने बांधली. त्याची कारकीर्द इ.स.पू. ७०५ ते ६८१. त्याने निनेवेला राजधानी केले, तट उभारला आणि प्रत्येक वेशीला एक दीर्घ समारंभी नाव दिले. नेर्गलच्या वेशीचे नाव ‘माझ्या वैऱ्यांना कापून काढणारा तो एर्रा’ अशा अर्थाचे होते. हाच राजा इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलोनवर चालून गेला, ते शहर त्याने उद्ध्वस्त केले, त्यावर पाणी सोडले आणि आपल्या माणसांनी तिथल्या देवांच्या मूर्ती फोडल्या असे स्वतःच्या शिलालेखात अभिमानाने लिहून ठेवले. इ.स.पू. ६१२ मध्ये बॅबिलोनी आणि मीड लोकांनी निनेवे जिंकून जाळले तेव्हा त्या राजधानीची वेळ आली. हाल्झी नावाच्या दुसऱ्या एका वेशीत त्या लढाईत पडलेल्या माणसांचे सांगाडे उत्खननात जसेच्या तसे सापडले आहेत. तेव्हा आयसिसने एखादी निष्पाप वास्तू प्रथमच हिंसेच्या जगात ओढली असे म्हणता येत नाही. फरक आहे तो इतकाच, आणि तो लहान नाही, की सेनाखेरिबाने आपल्या शत्रूचे देव फोडले, तर आयसिसने ज्यांचा कोणी उपासक उरलेला नाही आणि जे आता सर्वांच्या सामाईक स्मृतीचा भाग आहेत अशा मूर्ती कॅमेऱ्यासमोर फोडल्या.

आता मोडले काय, हे पाहू. १९ व्या शतकाच्या मध्यास ऑस्टिन हेन्री लेयार्ड या ब्रिटिश उत्खननकर्त्याने ही वेस खणून काढली. आज छायाचित्रांत दिसणारे तिचे कमानदार, बुरुजांचे बांधकाम हे २० व्या शतकाच्या मध्यास इराकच्या पुरातत्त्व खात्याने केलेल्या पुनर्रचनेतून आले आणि त्यात अंदाजाचा भाग मोठा होता. बैल मात्र सेनाखेरिबाच्या काळचे होते, जागेवरच होते आणि काळाने झिजवलेले असले तरी अस्सल होते. म्हणजे ‘नेर्गलची वेस जशी होती तशी’ या शब्दप्रयोगात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकत्र बांधल्या जातात: एक पाऊण शतकाची पुनर्रचना आणि एक सत्तावीसशे वर्षांचे शिल्प. एप्रिल २०१६ मध्ये निनेवेच्या माश्की आणि अदाद या दोन वेशींवर बुलडोझर फिरवले गेले, तिथेही पाडले गेलेले बहुतेक बांधकाम २० व्या शतकातलेच होते. त्यामुळे अपराध हलका होत नाही, पण दुरुस्तीचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. माश्की वेशीत तर पुनर्बांधणीच्या निमित्ताने हाती घेतलेल्या कामात, २०२२ मध्ये, सेनाखेरिबाच्या काळातील कोरीव शिळा नव्याने हाती लागल्या. ढिगाऱ्याला हात लावू नये म्हणणाऱ्यांनी या अनुभवाची दखल घ्यायला हवी.

विटांच्या बाबतीत मी पुनर्बांधणीच्या बाजूने आहे याचे कारण असे, की मातीची वीट ही मुळातच पुन्हा पुन्हा बांधण्याची वस्तू आहे. उन्हात वाळवलेली वीट पावसाने विरघळते, भिंत काही पिढ्यांत ढासळते आणि नवी भिंत जुनीच्या पायावर उभी राहते. मेसोपोटेमियातील उंचच उंच टेकाडे याच सवयीतून तयार झाली. राजांनाही हे ठाऊक होते. निनेवेच्या तटाचे वर्णन करणाऱ्या आपल्या लेखांच्या शेवटी सेनाखेरिब भावी राजाला सांगतो, की हा तट जुना होऊन कोसळेल तेव्हा तू तो दुरुस्त कर, माझ्या नावाचा लेख सापडेल तो तेलाने माख, अर्पण कर आणि पुन्हा जागेवर ठेव. हे वाक्य त्या काळच्या बांधकाम-लेखांत ठरीव आहे, परंतु ठरीव असल्यामुळेच ते मोलाचे आहे, कारण त्यातून एका माणसाची लहर नव्हे तर संपूर्ण समाजाची धारणा कळते. त्या धारणेनुसार वास्तू टिकवणे म्हणजे तिला अस्पर्श ठेवणे नव्हे. ती दुरुस्त करायची, आधीच्या बांधणाऱ्याची खूण जपायची आणि शेजारी आपली खूण ठेवायची. वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणारा १९६४ चा व्हेनिस करार उत्खनित स्थळांवरील पुनर्बांधणी तत्त्वतः अमान्य करतो आणि मूळच्या विखुरलेल्या भागांची जुळणी तेवढी मान्य करतो. दगडी देवळे आणि स्तंभ डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा नियम मातीच्या वास्तूंना जसाच्या तसा लावणे मला अन्यायाचे वाटते, आणि अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात तपासावा असे म्हणणाऱ्या १९९४ च्या नारा दस्तऐवजाने तशी वाट मोकळीही केली आहे. त्याच व्हेनिस करारातील दोन कलमे मात्र इथे पूर्णपणे लागू आहेत: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवे काम जुन्यापासून वेगळे ओळखू आले पाहिजे.

इथे सद्दाम हुसेनचे उदाहरण आडवे येते आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. १९८० च्या दशकात त्याने बॅबिलोनमध्ये नेबुखद्नेझरच्या राजवाड्याच्या मूळ पायावर नव्या भिंती चढवल्या आणि विटांवर आपल्या नावाचे लेख कोरवले. वरवर पाहता त्याने प्राचीन राजांची रीतच पाळली होती, कारण नेबुखद्नेझरनेही विटांवर स्वतःच्या नावाचे ठसे उमटवले होते. तरीही ते काम निंद्य का ठरते? माझ्या मते दोष शिक्क्यात नसून त्या शिक्क्यामागच्या हेतूत आणि पद्धतीत होता. जुन्या अवशेषांचा नीट अभ्यास होण्याआधी, घाईने, मूळ भिंतींवरच भार टाकून ते बांधले गेले, आणि शिक्क्यावरचा मजकूर वास्तूविषयी काही सांगत नव्हता, तो सत्ताधीशाची आरती करत होता. ईशुमने वाचलेली यादी आणि सेनाखेरिबाची बढाई या दोन्ही लेखी नोंदीच आहेत, पण पहिल्या नोंदीत मारले गेलेले लोक केंद्रस्थानी आहेत आणि दुसरीत मारणारा. नेर्गलच्या वेशीच्या नव्या विटेवर काय लिहायचे, हे ठरवताना हा फरक कळीचा आहे. आणि बॅबिलोनचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे, की २००३ नंतर अमेरिकी आणि पोलिश सैन्याने त्याच स्थळावर लष्करी तळ ठोकला, चर खणले आणि पुरातत्त्वीय मातीने वाळूच्या गोण्या भरल्या. त्यांची चित्रफीत कोणी काढली नाही म्हणून ती हानी बोलण्यातून सहज गळते.

मोसुलमध्येच पुनर्बांधणीचा एक ताजा दाखला आहे. अल-नूरी मशिदीचा कललेला हद्बा मिनार जून २०१७ मध्ये आयसिसने उडवून दिला. युनेस्कोने संयुक्त अरब अमिरातीच्या अर्थसाहाय्याने तो पुन्हा बांधला, ढिगाऱ्यातून वेचलेल्या जुन्या विटा त्यात वापरल्या आणि मिनाराचा कलही राखला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. काही संवर्धकांना मुद्दाम कललेला मिनार बांधणे हास्यास्पद वाटू शकते. मला तसे वाटत नाही, कारण तो मिनार मोसुलकरांच्या रोजच्या क्षितिजाचा भाग होता आणि उपासनेची ती जागा जिवंत आहे. जिवंत वास्तूला पुन्हा उभे राहण्याचा हक्क असतो. नेर्गलच्या बैलांना तो त्याच अर्थाने नाही, कारण त्यांचे मोल वापरात नाही, साक्षीत आहे.

दगडाला नवा चेहरा देऊ नये असे मी म्हणतो ते याच कारणाने. वीट बदलली तरी भिंत तीच राहते, पण शिल्प म्हणजे एका विशिष्ट हाताने एका विशिष्ट दगडावर केलेले काम आहे, ते दुसऱ्याने केले की दुसरेच होते. आज त्रिमितीय मुद्रणाने आणि यंत्रचलित छिन्नीने कोणताही चेहरा हुबेहूब उतरवता येतो, हे तंत्र २०१६ मध्ये सीरियातील पाल्मायरा या प्राचीन नगरीच्या, आयसिसने उडवून दिलेल्या कमानीची संगमरवरी प्रतिकृती लंडनच्या ट्रफाल्गार चौकात उभी करून दाखवलेही गेले. मूळ जागेपासून हजारो किलोमीटरवर, गुळगुळीत आणि निर्दोष अशा त्या प्रतिकृतीने लोकांना कमान दाखवली, पण कमानीचे काय झाले हे दाखवले नाही. त्याच चौकात २०१८ मध्ये मायकल राकोवित्झ या कलावंताने नेर्गलच्या वेशीवरील लमास्सूची पूर्णाकृती इराकी खजुराच्या काकवीच्या रिकाम्या डब्यांपासून घडवून उभी केली. तो रंगीबेरंगी पत्र्याचा बैल मूळ असल्याचा आव आणत नव्हता आणि युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या खजुराच्या व्यापाराचीही आठवण करून देत होता. प्रतिकृती करायचीच असेल तर ती अशी उघड असावी, आणि ती वेशीबाहेर असावी.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की फुटका चेहरा तसाच ठेवला तर येणाऱ्या प्रत्येकाला आयसिसचेच काम दिसत राहील आणि तो त्यांचा कायमचा विजय ठरेल. मला हा आक्षेप भावनेच्या पातळीवर समजतो, विशेषतः तो ज्यांनी तीन वर्षे त्या राजवटीखाली काढली त्यांच्या तोंडून येतो तेव्हा. पण त्या संघटनेला केवळ फोडायचे नव्हते. तिला असे सिद्ध करायचे होते, की इस्लामपूर्व काळ नव्हताच, निदान तो आठवण्याजोगा नव्हता. फुटलेला बैल जागेवर उभा राहिला तर तो काळ होता हेही दिसते आणि त्यावर कोणी घाव घातला हेही दिसते. हुबेहूब नवा बैल यातले दुसरे सत्य लपवतो, आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्या मुलाला काही घडलेच नव्हते असे वाटायला लावतो. मोसुलच्या संग्रहालयातील असिरियन दालनाच्या जमिनीत स्फोटाने पडलेले भगदाड जतन करण्याचे दुरुस्तीच्या आराखड्यात ठरवले गेले, ही दिशा मला योग्य वाटते. तिथे वस्तूंचे तुकडे सांधले जात आहेत, आणि त्याच वेळी खड्डाही राखला जात आहे.

निर्णय अखेर कोणी घ्यायचा, हा प्रश्न उरतोच. बाहेरच्या संस्थांनी पैसा आणि तज्ज्ञता द्यावी, शब्द मात्र स्थानिकांचा असावा, असे सगळेच म्हणतात. स्थानिक कोण, हे कोणी सांगत नाही. आजच्या मोसुलमध्ये राहणारे अरब आहेत, तसेच स्वतःला प्राचीन असिरियनांचे वंशज मानणारे आणि २०१४ मध्ये निनेवेच्या मैदानातून परागंदा झालेले ख्रिस्ती आहेत, यझिदी आणि कुर्द आहेत. ज्यांना हुसकावले गेले त्यांचे मत परत येण्याच्या अटीवर मोजले जाऊ नये. अल-नूरी मशिदीच्या संकुलासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेऊन इजिप्शियन वास्तुकारांचा आराखडा निवडला गेला तेव्हा इराकी वास्तुकारांनी नाराजी व्यक्त केली होती, तिची पुनरावृत्ती इथे टाळता येईल. नव्या विटांची माती तिथलीच असावी, विटा थापणारे तिथलेच असावेत, आणि विटेवरच्या ठशात अरबी, कुर्दी आणि सिरियाक या तिन्ही भाषांत तीनच गोष्टी असाव्यात: जुने बांधकाम केव्हा आणि कोणी पाडले, नवे केव्हा बांधले, आणि ती वीट कोणत्या गावच्या कारागिरांनी थापली. पंतप्रधान, महासंचालक आणि देणगीदार देश यांच्या नावांच्या पाट्या लावायच्याच असतील, तर त्या वाहनतळापाशी लावाव्यात.